काळ्या कापडाखालचा माणूस

लॅपटॉप म्हटलं की आज डोळ्यांपुढे जे येतं ते जरा बाजूला ठेवा. मी ज्याच्याबद्दल सांगतोय ते यंत्र उचलून कुणाच्या टाळक्यात घातलं असतं तर माणूस जागच्या जागी आडवा झाला असता आणि यंत्राला साधा पोचाही आला नसता. हे मी उगाच म्हणत नाही. त्या वर्षी ते यंत्र कुणाच्या तरी डोक्यात घालावं असं मला बरेचदा वाटलं, आणि त्या माणसांत माझा सख्खा मामाही होता.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवला मी डिप्लोमा संपवून रत्नागिरीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागलो. शिकवायला म्हणजे, मुलांनी माऊस आपटला की त्यांच्यावर खेकसायला. शिकत असताना लॅबच्या कोपऱ्यात पडलेल्या एका जुन्या युनिक्स सर्व्हरशी झगडून झगडून मला युनिक्स बऱ्यापैकी यायला लागलं होतं, आणि रत्नागिरीत तेव्हा तेवढ्यावर भाव खाता यायचा. त्यामुळे पुढे एका वर्षी गणपती झाल्यावर मुंबईचे एक सर्व्हेवाले साहेब ‘युनिक्स येणारा मुलगा’ शोधत आले तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. एका खाडीच्या तोंडाशी कुठल्याशा कंपनीची जेट्टी व्हायची होती. त्यासाठी समुद्राचा तळ मोजायचा होता, आणि मोजणीचं यंत्र सांभाळायला माणूस हवा होता.

यंत्र मुंबईहून बसने हातखंब्याच्या नाक्यावर उतरलं आणि मी ते रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणलं. मॅग्नेशियमची राखाडी पेटी. बाहेरून लॅपटॉप, आतून वर्कस्टेशन. तळ मोजायचं सॉफ्टवेअर टेबलावरच्या मोठ्या युनिक्स मशीनसाठी लिहिलेलं होतं, साध्या लॅपटॉपवर ते चालायचंच नाही, म्हणून कुणीतरी मोठ्या मशीनचाच प्रोसेसर दाबूनदुबून या पेटीत बसवला होता. मागे दोन सीरियल पोर्ट; एकात जीपीएसची वायर, दुसऱ्यात खोली मोजणाऱ्या इको साउंडरची. हार्डडिस्क बाजूच्या खणातून खेचून बाहेर काढता यायची. माऊसच्या जागी कीबोर्डच्या मधोमध एक रबरी टिकली होती, ती बोटाने ढकलायची. पंखा किंचाळायचा, बूड इतकं तापायचं की पॅंटला आपोआप इस्त्री व्हावी, आणि बॅटरी समोरचा चहा निवेपर्यंत टिकली तर नशीब. माझा त्याच्यावर पहिल्या दिवशीच जीव जडला.

त्याच्या दोन खोडी इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यामुळे झालं. पहिली अशी, की त्याच्या आत एका चिपमध्ये एक बारीकसा सेल कायमचा गाडलेला होता आणि यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक त्या सेलच्या जिवावर टिकून राहायचा. आमच्या यंत्राचा तो सेल मेलेला. वीज तुटली की ते आपण कोण हेच विसरायचं. ओळख नाही म्हणून लायसन्स नाही, आणि लायसन्स नाही म्हणून ते महागडं सॉफ्टवेअर हात वर करायचं. पांढऱ्या पडद्यावर ‘ओके’ एवढंच लिहून यंत्र गप्प बसायचं, आणि मी त्या ‘ओके’पुढे एकेक आकडा हाताने भरून त्याला त्याचं नाव आठवून द्यायचो. ते आकडे साहेबांनाही ठाऊक नव्हते. आधीचा ऑपरेटर नोकरी सोडताना मला फोनवर सांगून गेला होता आणि माझे ते पाठ झाले होते.

दुसरी खोड पडद्याची. भर उन्हात बोटीवर त्याच्यावर काडीचं दिसायचं नाही. म्हणून जुने फोटोग्राफर घ्यायचे तसं एक काळं कापड डोक्यावरून घेऊन, यंत्रासकट त्याच्या आत शिरून बसावं लागायचं. आत भट्टी. घामाने डोळे चुरचुरायचे, पंख्याची गरम हवा तोंडावर यायची. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला बोटीवर काळं कापड पांघरलेला एक माणूस तेवढा दिसायचा, त्याचं तोंड दिसायचं नाही.

आता जागेचं सांगतो. ज्या गावासमोरचा तळ मोजायचा होता ते माझ्या आईचं माहेर. माझे वडील मी लहान असतानाच गेले. आईचे सासरचे लोक नावापुरते, तेव्हा तिला हक्काचं म्हणावं असं जगात एकच दार होतं, तिच्या थोरल्या भावाचं. शिमग्याला देवीची पालखी मामाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, नाचायला यायची तेव्हा आई न चुकता तिथे असायची. देवीची ओटी भरायची, भावाच्या घरी चार दिवस राहायची आणि वर्षभर पुरेल एवढी ताजी होऊन परत यायची. मामा गावकीतला मानकरी, स्वतःची छोटी होडी, तोंड फटकळ. मला पोहायला त्यानेच शिकवलं, म्हणजे होडीतून पाण्यात फेकून दिलं.

गावकी म्हणजे काय हे कोकणाबाहेरच्याला सांगितलं तरी कळणं कठीण. जेट्टी झाली की होड्या लावायच्या कुठे आणि जाळी सुकवायची कुठे, म्हणून गाव पेटलं होतं. गावकी, म्हणजे मानकऱ्यांची पंचायत, देवळात बसली आणि ठरलं, की जो कुणी या सर्व्हेला मदत करील त्याला वाळीत टाकायचं. वाळीत टाकलेल्याशी कुणी बोलत नाही, त्याच्या घरी कुणी लग्नाला जात नाही, त्याच्या मयताला खांदा द्यायला माणूस मिळत नाही. अशा माणसाला घरात घेणाऱ्यालाही तीच शिक्षा. मी नोकरी धरली तेव्हा हे आईच्या कानावर आलेलं होतं. तिने मला अडवलं नाही. एवढंच म्हणाली, “नोकरी कर. पण माझं माहेर तोडू नकोस. मला तेवढं एकच आहे.”

मला वाटलं, मोजणं म्हणजे मोजणं, त्यात कुणाचं काय जातंय. शिवाय काळ्या कापडाखाली कोण बसलंय हे कुणाला कळणार!

पण एका सकाळी कळलं. बोट आम्ही रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातून भाड्याने आणली होती, कारण आजूबाजूच्या गावांतून कुणी बोट देईना. साहेब उलट्या करून करून बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेजवळ, आडवे पडले होते आणि मी कापडाखाली आकडे बघत होतो. एकाएकी फळ्यांवर धाडधाड काहीतरी आपटायला लागलं. पहिला दगड माझ्या पाठीत बसला, दुसरा कापडावरून कानशिलात. कापड फेकून बघतो तर गावच्या होड्यांनी आम्हाला चहूकडून घेरलेलं, आणि जांभ्याचे तुकडे पावशेर-अर्धा किलोचे, नेम धरून येतायत. आमचा तांडेल, बोट हाकणारा, हात जोडून उभा. चार-पाच जण वल्ही घेऊन आमच्या बोटीवर चढले. एकाने माझी गचांडी धरून तोंड वर केलं आणि ओरडला, “आयला, ह्यो तर मानकऱ्यांचा भाचा!”

मामा बाजूच्या होडीत उभा होता. क्षणभर त्याचं तोंड पांढरं पडलं. मग तो उडी मारून आला आणि त्याने माझ्या थोबाडीत दिली. दुसरी दिली. तिसऱ्या वेळी मूठ. माझा ओठ फाटला आणि तोंडात रक्ताची खारट चव आली. मीही काही साधू नव्हे. मी त्याच्या पोटात डोकं घातलं. मग बाकीचे तुटून पडले. वल्ह्याचा दांडा पाठीवर बसला की श्वासच जातो, ओरडताही येत नाही.

या झटापटीत कुणीतरी यंत्र उचलून समुद्रात भिरकावलं. पण त्या वायरी पोर्टला स्क्रूने आवळलेल्या होत्या. यंत्र पाण्यात बुडालं आणि दोन वायरींना लोंबकळत राहिलं. आणि मग जे झालं ते फक्त आमच्याकडच्याच माणसांच्या हातून होऊ शकतं. ते बुडताना बघून त्यांच्यातलाच एक जण, होडीचं इंजिन चालवणारा, जीव तोडून ओरडला, “खारं पानी गेलं त्यात! काडा, काडा! गोड्या पान्यात टाका आदी!”

समुद्रात इंजिन पडलं की ते वर काढून हवेत ठेवायचं नाही, लगेच गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं, नाहीतर गंज तासाभरात खातो, हे आमच्याकडे पोरासोरांच्या अंगात मुरलेलं असतं. यंत्र फोडायला आलेली माणसं यंत्र वाचवायला धावली. दोघांनी वायरी ओढून ते वर घेतलं, तिसऱ्याने पिण्याच्या पाण्याचा ड्रम मासळीच्या टबात रिकामा केला आणि यंत्र त्यात बुडवलं. मी खाली पडलो होतो, एकाचा गुडघा माझ्या छातीवर होता, तरी मी बोंबललो, “बॅटरी! आधी बॅटरी काढा, नाहीतर आतून जळेल!”

मारणाऱ्यांनी हात थांबवले. मला धरून टबापाशी नेलं. मी रक्ताळलेल्या हातांनी कळ दाबून बॅटरी काढली आणि वर धरली. “झालं?” एकाने विचारलं. मी मान हलवली. मग त्यांनी मला पुन्हा मारायला घेतलं. आज हे सांगताना मला हसू येतं, तेव्हा मात्र आलं नाही.

साहेबांना आणि तांडेलाला बोटीसकट हाकलून दिलं. मला आणि यंत्राला गावात नेलं. देवळापुढे घंगाळात विहिरीचं पाणी भरून यंत्र त्यात ठेवलं आणि मला खांबाशी बसवलं. पोरं घंगाळात डोकावून बघत होती. या पेटीतच जेट्टी आहे, पेटी गेली की जेट्टी गेली, असं सगळ्यांनाच वाटत होतं. दुसरी पेटी आणता येते हे मी सांगायला लागलो की कुणीतरी लाथ घालायचं. शेवटी देवीला कौल लावायचं ठरलं. गुरवाने पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर फोडायचं, डावी पडली तर नाही. डावी पडली.

देवीने यंत्राला अभय दिलं. माझ्याबद्दल कुणी कौल मागितलाच नाही, त्यामुळे माझं काय करायचं ते माणसांनाच ठरवावं लागलं. तोवर मामाने एका पोराला पाठवून आमच्या शेजारच्या घरी फोन लावला होता. दुपार कलायच्या आत आई आली. एसटीने, मग तरीच्या होडीने खाडी ओलांडून, अनवाणी. वाटेत चप्पल तुटली होती. माझा एक डोळा सुजून बंद झालेला. तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि वळून विचारलं, “कुणी मारलं ह्याला?”

“पयली मी मारली, बाय,” मामा म्हणाला.

“का?”

“मी मारली नसती तर ह्यांनी ह्याचा जीव घेतला असता. मामानंच हात घातला म्हनून ह्ये जरा सबुरीनं वागले.”

मी तेव्हा मनात म्हटलं, सबुरीनं मारलं तर पाठीचं हे झालंय. पण मामाच्या आवाजातली धाकधूक खरी होती, आणि त्याचा मला रागही आला आणि रडूही आलं.

मग मी बोललो. फाटक्या ओठाने जमेल तसं गावकीला सांगितलं, की याचा आतला सेल मेलाय, याला स्वतःचं नाव आठवत नाही, ते आकडे माझ्या डोक्यात आहेत आणि मी ते भरणार नाही. मी नाही भरले तर हे यंत्र नुसती पेटी आहे. गावकीतला सगळ्यात म्हातारा मानकरी हसला. “आणि उद्या भरलेस तर? आमी काय तुज्या डोस्क्यात शिरून बगनार?”

मग आई पुढे झाली. गावकी बसते त्या देवळाच्या ओट्यावर बाया चढत नाहीत, ती पायरीवरच उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “माझा मुलगा पुन्हा या पाण्यात आला, तर मी देवीची ओटी भरायला येणार नाही. मला माहेर नाही असं समजा.”

मामाने डोळे मिटून घेतले. म्हाताऱ्याने नारळ आणवून देवीपुढे ठेवला आणि शब्द पक्का झाला. म्हणजे माझ्या जिभेवर कुणाचा विश्वास नव्हता, म्हणून आईने आपलं माहेर तारण ठेवलं. मी यंत्र घंगाळातून काढलं, आईने ते पदरात गुंडाळून कडेवर घेतलं आणि आम्ही परत आलो.

घरी मी ते पूर्ण उघडलं. बोर्ड स्पिरिटने धुतले, कपाटात पेटता बल्ब ठेवून सगळे भाग सुकवले, कनेक्टर टूथब्रशने घासले. खरं सांगतो, मला ते सुरू व्हायला हवं होतं. कामासाठी नव्हे, असंच. आणि ते झालं! पंखा किंचाळला, पडदा पांढरा झाला आणि त्यावर ‘ओके’ उमटलं. गोड्या पाण्याने त्याला वाचवलं होतं. मी त्याच्यापुढे बराच वेळ बसलो आणि एकही आकडा न भरता ते बंद केलं.

साहेब लॉजवर उतरले होते. मी यंत्र नेऊन त्यांच्या पलंगावर ठेवलं आणि सांगितलं, सुरू होतंय, पण मी आकडे भरणार नाही आणि सांगणारही नाही. साहेबांना आधी ही थट्टा वाटली. मग त्यांनी समजावलं, मग धमकावलं, आणि मग आईवरून शिवी दिली. ती शिवी त्यांच्या तोंडून पुरी बाहेर पडायच्या आत मी त्यांना भिंतीवर आदळलं होतं. चष्मा फुटला. त्यांनी माझा गळा धरला, मी त्यांच्या बोटाला चावलो, टेबलावरचा तांब्या पडला आणि लॉजचे पोरगे धावत आले तेव्हा आम्ही दोघे जमिनीवर लोळत होतो. नोकरी तिथेच संपली. यंत्र साहेबांबरोबर मुंबईला गेलं. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा तिने माझ्या गळ्यावरचे वळ बघितले आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

मी पुन्हा क्लासमध्ये माऊसवरून खेकसायला लागलो. मला वाटलं सुटलो.

संक्रांतीच्या सुमाराला सर्व्हेवाले परत आले. दुसरं यंत्र, तसंच, दुसरा ऑपरेटर, आणि या वेळी सोबत पोलीस बंदोबस्त. बोट खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्यापासून दगडाच्या टप्प्यावर उभी राहिली आणि बोटीवर एक जण काळं कापड डोक्यावरून घेऊन बसला. माझ्याच अंगकाठीचा कुणीतरी असावा. किनाऱ्यावर आख्खं गाव जमलेलं. कापड बघितलं आणि कुणीतरी म्हणालं, ह्यो भाचाच. एवढं पुरे होतं. दगड सुरू झाले, पोलिसांवरही पडले, आणि मग लाठ्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाळूत लोळवून मारलं. बायांना केसाला धरून ओढलं. मी तिथे नव्हतो. त्या वेळी मी मुलांना फाइल सेव्ह करायला शिकवत होतो. ज्या जेट्टीपायी हे सगळं झालं ती पुढे झालीही नाही, कंपनीनेच गाशा गुंडाळला. पण ते कळायला वर्षं जायची होती.

मामाच्या खांद्याचं हाड मोडलं. त्याला रत्नागिरीत सरकारी दवाखान्यात आणलं होतं, तिथे मी त्याला भेटायला गेलो. बाहेर गावची दोन माणसं बसली होती, मला बघून थुंकली. मामा प्लास्टरमध्ये बांधलेला पडला होता. मी पलंगाची कड धरून म्हटलं, “मामा, तो मी नव्हतो. आईशप्पथ मी नव्हतो.”

“माला ठाव हाय,” तो म्हणाला.

मी पलंगाच्या कडेला टेकलो.

“त्याच्या पायात बूट हुते. कापडाखालून दिसत हुते. माजा भाचा बूट घालून होडीत बसंल काय? तुला मी शिकवलाय होडीत बसायला.”

मी त्याचा चांगला हात धरला. “मग सांग ना गावकीत! आईने शब्द दिलाय, तिचं माहेर जातंय!”

मामाने मान भिंतीकडे वळवली. “पोरीचं लगीन ठरलंय,” तो म्हणाला. “येवड्या मारानंतर गावाला कुनीतरी दोषी पायजे. मी तुजी बाजू घेतली तर माज्या दारात कोन येनार नाय.”

मला त्याचा दुसरा खांदाही मोडावासा वाटला. मी तसाच निघालो आणि घरी येऊन आईला शब्द न शब्द सांगितलं. ती रागावेल, रडेल असं वाटलं होतं. तिचा चेहरा उलट उजळला. “म्हणजे दादाला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “मग झालं. ऐन वेळी तो बोलेल. मी त्याला ओळखते.”

मी डोकं आपटून घेतलं, पण ती ऐकेना. शिमग्याला मी जाणारच, म्हणाली. शब्द मोडलेला नाही, मग ओटी का भरू नये? तिने नवा खण आणला, तांदूळ निवडले, नारळ शेंडी नीट राखून सोलला. मीही तिच्याबरोबर गेलो. तिला एकटीला पाठवायची माझी छाती झाली नाही.

मामाच्या खळ्यात पालखी नाचत होती. ढोल असा कडकडत होता की पोटात हादरे बसत होते. आई ओटी घेऊन खळ्याच्या कडेला उभी राहिली आणि हळूहळू ढोल थांबले. म्हाताऱ्या मानकऱ्याने काठी आडवी धरली. “शबूद कुनी दिला हुता?” त्याने विचारलं. आई त्याच्याकडे बघतही नव्हती. ती मामाकडे बघत होती. मामा पालखीच्या दांड्याशी उभा होता, एक हात अजून झोळीत. त्याच्या मागे दारात त्याची मुलगी उभी होती, लग्न ठरलेली. आई म्हणाली, “दादा, तू सांग.”

सगळं गाव मामाकडे वळलं. त्याने एक शब्द बोलायचा होता, ‘बूट’. मी मनातल्या मनात तो शब्द त्याच्या तोंडात कोंबत होतो.

मामा चालत आला. चांगल्या हाताने त्याने आईच्या ओटीतला नारळ उचलला आणि खळ्याबाहेर, रस्त्यावर भिरकावला. नारळ दगडावर आपटून फुटला. आईच्या हातातला खण खाली पडला, तांदूळ मातीत सांडले. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी हसलं. मामा आईला म्हणाला, “जा.”

मी त्याच्यावर झेप घेतली. त्याच्या सदऱ्याची गळपट्टी माझ्या मुठीत आली, मोडलेला खांदा माझ्या दुसऱ्या हाताखाली होता, आणि मी तो दाबला. तो कळवळून गुडघ्यावर आला. मला त्या क्षणी त्याला मारून टाकायचं होतं, यात मला आजही शंका नाही. मी मूठ उगारली आणि माझ्या गालावर एवढी जोरात थप्पड बसली की कानात शिट्टी वाजली.

आई होती. तिने मला आयुष्यात कधी बोट लावलं नव्हतं.

“माझ्या भावाच्या अंगाला हात लावायचा नाही,” ती म्हणाली. तिने माझी बोटं एकेक करून मामाच्या गळपट्टीवरून सोडवली. त्याची झोळी सरळ केली. मग खाली वाकून खण उचलला, झटकला, घडी घातली आणि पालखीकडे बघून लांबूनच हात जोडले. कुणी तिला अडवलं नाही आणि कुणी तिच्याशी बोललंही नाही. मामा मातीत गुडघ्यांवर बसून लहान मुलासारखा रडत होता.

तरीच्या धक्क्याकडे जाताना मी मागे वळून वळून शिव्या देत होतो. परत जाऊन एकेकाला बघतो, म्हणत होतो. वाटेत एका दगडाला लाथ मारली आणि अंगठा फोडून घेतला, मग तिथेच मटकन बसलो आणि म्हटलं, मी नाही येत.

आईने माझ्या दंडाला धरून मला उभं केलं.

“चल लवकर,” ती म्हणाली. “शेवटची एसटी गेली तर इथे राहायचं कुणाकडे?”